पाच नऊ, नोंद घ्यावी

खुशालरावांना मी आधी ऐकलं आणि पाहिलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आमच्या छंदात हे असंच चालतं. माणसाचा आवाज आधी घरात येऊन बसतो, माणूस जमलं तर मागून येतो.

त्यांचा आवाज अमरावतीच्या माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीला न जुमानता यायचा. भरदार, एकेक शब्द सुटा, आणि मधूनच एकदम सरकारी. त्याचं कारण मला पुढे कळलं. खुशालराव अकोटच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. "अंजनगावमार्गे परतवाड्याला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी," हे वाक्य त्यांनी आख्खी नोकरी भोंग्यातून म्हटलं. घरी अस्सल वऱ्हाडी बोलणारा हा माणूस स्टँडवरचा माइक हातात आला की पुस्तकात शिरायचा. रिटायर होऊन अकोल्याला राहायला आले तरी शेवटची शेपटी सुटली नाही ती नाहीच. रेडिओवर आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायची पद्धत आहे. खुशालराव 'नोंद घ्यावी' म्हणायचे. आम्ही हसायचो. ते हसू देत आणि पुढच्या पाळीला पुन्हा तेच म्हणत.

ज्यांना हॅम रेडिओ ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगते, की सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, गच्चीवर तार ताणायची, आणि त्या तारेच्या भरवशावर आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याशी गप्पा मारायच्या. तो शेजारच्या तालुक्यात असेल नाहीतर ब्राझीलमध्ये. मोबाइल असताना हे कशाला, असं लोक विचारतात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून मला तरी उत्तर यायला हवं अशी त्यांची समजूत असते. मला येत नाही. खुशालरावांना येत होतं. एका पावसाळ्यात अकोटकडचे फोन बंद पडले, तेव्हा हॅम क्लबची माणसं बसस्टँडवरच सेट मांडून बसली होती. ते पाहून खुशालरावांचा जळफळाट झाला. "माहा भोंगा फाटकापर्यंत, अन् याईचा जिल्ह्याच्या बाहेर," असं ते सांगायचे. पुढच्या परीक्षेला ते बसलेच.

सकाळी आमचं वऱ्हाडाचं मंडळ हवेत भरायचं. एक ठरलेली फ्रिक्वेन्सी होती, तिथे अकोला, अमरावती, मोर्शी, खामगाव, यवतमाळ अशी मंडळी एकामागून एक यायची. आल्यावर पहिलं काम म्हणजे एकमेकांना रिपोर्ट देणं. समोरच्याचं बोलणं कसं पोचतंय हे दोन आकड्यांत सांगायचं असतं. पहिला आकडा स्पष्टपणाचा, म्हणजे शब्द किती कळतात त्याचा. तो पाचपर्यंत जातो आणि तो आपल्या कानानं ठरवायचा. दुसरा जोराचा, नऊपर्यंत, आणि तो सेटवरची सुई दाखवते. पाच नऊ म्हणजे अगदी घरात बसून बोलल्यासारखं.

आता खरी गोष्ट सांगते. सगळे सगळ्यांना पाच नऊच देतात. पाहुणचार झाल्यावर भाजी कशी होती विचारलं की आपण जे सांगतो, तेच हे. मी एकदा एका नागपूरकराला तीन पाच असा प्रामाणिक रिपोर्ट दिला, तर तो पुढे कित्येक दिवस माझ्या हाकेला ओ देईना. तेव्हापासून मीही पाच नऊ वाटत सुटले. फुकटच तर वाटायचे होते.

खुशालरावांचा जिवलग होता मोर्शीचा अब्दुल सत्तार. संत्र्याच्या बागा फुलावर विकत घ्यायच्या, हा त्यांचा धंदा. आता तो धंदा मुलगा शाकीब पाहतो. दोघांची भेट म्हणाल तर शाकीबच्या लग्नात आणि आणखी एखाद्या वेळी. बाकी सगळी दोस्ती हवेतली, पण रोजची. सत्तारभाईंच्या कानाचं आमच्यात फार नाव होतं. आम्हाला नुसता खर्रर्र ऐकू येई तिथून ते माणूस शोधून काढायचे. मैनाबाई, म्हणजे खुशालरावांच्या पत्नी, नवऱ्याच्या सेटपाशी चहा ठेवायच्या आणि तिकडे मोर्शीत सत्तारभाईंना बशी वाजलेली कळायची.

"पाच नऊ, खुशालभाऊ, एकदम पाच नऊ," ते म्हणायचे.

"तुमीबी पाच नऊ, सत्तारभाई. अकोल्यात आतापासूनच ऊन तापून राहिलं. चा झाला का? नोंद घ्यावी."

"नोंद घेतली. वहिनींनी आत्ताच कप ठेवला, बशी आयकली मी. त्याईले सलाम सांगा."

मागून मैनाबाईंचा आवाज यायचा, "त्याईले म्हना, नुसते सलाम काय करता, संत्री पाठवा." हे रोज. शब्दही फारसे बदलायचे नाहीत. मी पोळ्या लाटत ऐकायची आणि कधी कधी वाटायचं, या दोघांकडे एकमेकांना सांगण्यासारखं काहीच नाही. मग लक्षात यायचं, की लोक रोज देवाला तरी नवीन काय सांगतात.

मग डिजिटल आलं. त्याचं नाव एफटी-एट. यात बोलायचं नसतं. सेट कॉम्प्युटरला जोडायचा, पडद्यावर कुणाकुणाची परवान्याची नावं येतात, आपण एकावर क्लिक करायचं. पुढचं दोन्हीकडचे कॉम्प्युटर पाहून घेतात. आपलं नाव, गावाचा नकाशातला चौकोन, आणि सिग्नल किती जोराचा आला त्याचा आकडा. मग नमस्कार, संपलं. आकडा मशीन मोजतं, त्यामुळे तिथे पाच नऊ नसतं. वजा दहा, वजा अठरा, जे असेल ते तोंडावर.

मला ते आवडलं, उगाच आव आणत नाही. माझ्या इमारतीत एवढे इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे झाले होते, की सेट लावला की पोहे भाजल्यासारखा आवाज यायचा. त्या गोंधळातून एफटी-एट मला जपान काढून देत होतं. हळूहळू खामगावकर तिकडे गेले, यवतमाळवाले गेले, मीही गेले. सकाळच्या मंडळात माणसं कमी होऊ लागली. खुशालरावांचं डोकं फिरलं.

"दोन मशिनी एकमेकीशी बोलतात अन् माणूस बाजूले बसून चा पिते," ते मला म्हणाले. "मंग तुमची गरज काय, मॅडम? बिजलीचं बिल भरायले?"

"जपानच्या माणसाचा सिग्नल आला की मला आनंद होतो," मी म्हटलं.

"तो माणूस होता, हे कोनी सांगतलं तुमाले? त्याचं लेकरू असन, नाहीतर मांजर बसलं असन बटनावर." आणि मग एकदम आवाज खाली आणून, "मले आकडा नाही पायजे. मले माणूस पायजे." 

त्या हिवाळ्यात मैनाबाई गेल्या. खुशालरावांनी आमच्यापैकी कुणालाच कळवलं नाही. तेराव्याचे दिवस होईपर्यंत त्यांचा सेट बंद होता, आणि आम्हाला वाटलं मुलीकडे, प्राजक्ताकडे पुण्याला गेले असतील. ती त्यांना घेऊन जायलाच आली होती. पण तिच्या सोसायटीत गच्चीवर तार ताणायला परवानगी नाही, एवढं कारण सांगून ते अकोल्यालाच राहिले. मला बातमी कळली तीही उशिरा, अकोल्याच्या एका ओळखीच्याकडून. मी ती मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हळहळ लिहिली. सत्तारभाईंनीही लिहिलं, "आत्ताच कळलं, फार वाईट झालं, खुशालभाऊ."

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम आमच्या जुन्या, बोलायच्या फ्रिक्वेन्सीवर जायची. खुशालराव असायचे. सत्तारभाई हाक मारायचे, "खुशालभाऊ, मोर्शी बोलून राहिलं." आणि खुशालराव गप्प. मी बोलावलं तर लगेच हजर. सत्तारभाईंनी पुष्कळ दिवस हाका मारल्या. मग तेही डिजिटलवर गेले. ग्रुपवर एवढंच लिहिलं, की इथे जास्त मजा आहे.

राहिले एकटे खुशालराव. रोज सकाळी त्याच फ्रिक्वेन्सीवर ते सीक्यू द्यायचे, म्हणजे कुणी आहे का, असं सगळ्या दुनियेला विचारायचे. बसस्टँडवरचाच तो आवाज, खणखणीत, आणि समोर स्टँड रिकामा. बोलून झालं की ते थांबायचे. उत्तर यायला जेवढा वेळ द्यायचा असतो तेवढा बरोबर द्यायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवटी नोंद घ्यावी. नोंद घेणारं कुणी नव्हतं. कामाच्या दिवशी मला घाई असायची, तरी मी सेट लावून नुसतं ऐकायची, आणि मला ते ऐकवत नसे.

उन्हाळा लागता लागता त्यांचा फोन आला. "मॅडम, थे तुमचं मुकं मशीन मले बसवून द्या," एवढंच म्हणाले. मी टोमणा मारणार होते, पण जीभ आवरली. रविवारी एसटीनं अकोल्याला गेले.

जठारपेठेतलं त्यांचं घर छोटं आणि नको इतकं स्वच्छ होतं. एकट्या माणसाचं घर असं असतं, सगळं जागच्या जागी. त्यांनी चहा केला आणि माझा कप टेबलावर अशा बेतानं ठेवला की बशी वाजली. सेटपाशी माइक होता. त्याची मान अजून त्यांच्या खुर्चीकडे वळलेली होती. मी प्राजक्तानं दिलेला जुना लॅपटॉप सेटला जोडला, सिग्नलची ताकद कमी करून ठेवली, आणि पडद्यावर नावं उतरू लागली. श्रीलंका, इंडोनेशिया, मग रशिया. खुशालराव हाताची घडी घालून पाहत होते.

"इतके लोक रोज इथं असतात?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"अन् कोनीच बोलत नाही." बाजारात सगळी दुकानं उघडी आणि एकही दुकानदार जागेवर नाही, असं काहीतरी पाहिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

तेवढ्यात पडद्यावर सत्तारभाईंचं नाव आलं. परवान्याचं नाव असलं तरी आम्हाला ते पाठ असतं. मोर्शीहून ते सीक्यू देत होते. मी म्हटलं, "घ्या, करा क्लिक." खुशालरावांनी हात मागे घेतला.

"त्याच्याशी नाही," ते म्हणाले.

मी चिडले. मी म्हटलं, तुम्हाला माणूस पाहिजे होता ना, मग हा काय आहे? डिजिटलवर गेला म्हणून काय वाळीत टाकायचं? तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि पडद्याकडे पाहतच सांगितलं.

दिवस झाल्यावर पहिल्यांदा ते सेटवर बसले, त्या सकाळी फ्रिक्वेन्सीवर सत्तारभाई एकटेच होते. बातमी आपल्या तोंडानं आणि पहिल्यांदा त्यांनाच सांगायची, म्हणून खुशालरावांनी फोन केला नव्हता की ग्रुपवर टाकलं नव्हतं. माइक धरला आणि सांगितलं, की सत्तारभाई, मैना गेली. नोंद घ्यावी.

"मंग थो काय म्हने माहीत आहे? पाच नऊ, खुशालभाऊ, एकदम पाच नऊ. नोंद घेतली. वहिनींले सलाम सांगा."

त्यांनी पडद्यावरच्या नावाकडे बोट केलं.

"कोनासोबत कॉम्प्युटरवर टकटक करत बसला असन, अर्ध्या ध्यानात. बशी वाजली नाही, हेबी त्याले कळू नाही? अन् वरून ग्रुपवर लिहिते, आत्ताच कळलं." त्यांचा आवाज भोंग्याचा राहिला नव्हता. "इतकी वर्षं रोज सकाळी मी भिंतीशीच बोल्लो म्हना ना, मॅडम." त्यांचं दुःख एवढंच होतं. बायको तर गेली होती, पण त्या एका उत्तरानं मागच्या सगळ्या सकाळीही गेल्या होत्या.

पुढच्या सुट्टीला मी मोर्शीची गाडी धरली. भांडायलाच निघाले होते, आणि वाटभर मनात वाक्यं जुळवत गेले. सत्तारभाईंच्या अंगणात संत्र्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. दार त्यांच्या सुनेनं, रुबीनानं उघडलं. "अब्बा वर आहेत," ती म्हणाली. मी जिन्यातून हाक मारणार, तर तिनं मला थांबवलं आणि भिंतीवरचं एक बटण दाबलं. वरच्या खोलीत दिवा लागल्याचा उजेड जिन्यात पडला. "आता पाहतील ते. जा तुम्ही."

सत्तारभाई कॉम्प्युटरपुढे बसले होते. टेबलावरचा दिवा लागल्यामुळे त्यांनी वळून पाहिलं, मला ओळखलं आणि गरजेपेक्षा फार मोठ्या आवाजात म्हणाले, "ये बेटी, बस." मी बोलू लागले. ते माझ्या तोंडाकडे टक लावून होते. "हळू बोल. अन् पदर तोंडावरून काढ," ते म्हणाले, "ओठ दिसत नाही."

उन्हासाठी घेतलेला पदर मी खाली ओढला. जुळवलेली सगळी वाक्यं मला गिळावी लागली.

"कान गेले," त्यांनीच सांगितलं. "एका दिवसात गेले असते तं सांगतलं असतं. हळूहळू गेले, म्हून सांगायचं राहून गेलं. कानाचं मशीन लावून पाह्यलं. भांडे आयकू येतात, माणूस येत नाही." मग जरा हसून म्हणाले, "अन् सांगतलं कोनाले असतं? कानाच्याच जोरावर तं नाव होतं माहं."

मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मग आमच्याशी बोलत कसे होतात?

त्यांनी जुन्या सेटवर हात ठेवला. त्याच्या काचेत सुई होती. "हिले पाहून. खुशालभाऊचा आवाज आला की ही नऊवर जायची. खाली पडली की समजायचं, त्याईचं झालं, आता आपली पाळी. अन् बोलनं काय? ऊन, चा, नोंद घ्यावी. पाठच होतं सारं. मी म्हनायचो पाच नऊ, नोंद घेतली, वहिनींले सलाम. कधी चुकलं नाही."

कधी चुकलं नाही, असं ते समाधानानं म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. नऊ तर खरेच होते. आवाज अकोल्याहून निघून पूर्ण जोरानं त्या खोलीत पोचला होता, सुईनं तो मोजलाही होता. पाच तेवढे खोटे होते.

"इथं मी बहिरा नाही, बेटी," ते पडद्याकडे बोट करून म्हणाले. "इथं सारेच मुके. रोज सकाळी पाहतो, अकोला दिसते का." मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "खुशालभाऊ माह्यावर काहून रागावले? मातीले आलो नाही म्हून असन. पन मले कळलंच नाही ना. तुह्या मेसेजवरून कळलं." मी मान हलवली आणि माहीत नाही, असं ओठांनी नीट सांगितलं. जे सांगायचं ते खुशालरावांनी ठरवायचं होतं.

अकोल्याला मी फोनवर हे सांगितलं नाही. पुन्हा गेले. खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं. कूलर खडखडत होता, तो उठून बंद केला आणि परत येऊन बसले.

"म्हनजे मी मैनाचं सांगतलं, तवाबी सुई नऊवर गेली होती?"

"गेलीच असणार," मी म्हटलं. "नाहीतर त्यांनी उत्तर दिलं नसतं."

"म्हनजे तिथं पोचलं होतं."

"पोचलं होतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्याले सांगतलं तुमी? थो त्या दिवशी काय बोल्ला थे?"

"नाही."

"सांगू नका. कान गेले बिचाऱ्याचे, आता हे ओझं कायले त्याच्या डोक्यावर." राग उतरलेला दिसत होता, पण त्याच्या जागी जे आलं ते मला जास्त अवघड वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन मॅडम, मंग मी सांगतलं कोनाले? प्राजक्ता तं तिथंच होती, तिनं डोयानं पाह्यलं. बाकीच्याईले दुसऱ्याईनं सांगतलं. मी माह्या तोंडानं एकदाच सांगतलं, त्यालेच. अन् थे कोनीच आयकलं नाही."

  मी उठून लॅपटॉप चालू केला. थोड्या वेळानं मोर्शीचं नाव आलं.  खुशालरावांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि स्वतःच क्लिक केलं.

दोन्ही मशिनी आपापल्या पाळीनं बोलल्या. नाव गेलं, नाव आलं. मग सत्तारभाईंकडून आकडा आला: वजा सोळा.

"बस?" खुशालराव म्हणाले. "सुईवर नऊ, अन् इथं वजा सोळा?"

"मी ताकद कमी ठेवली आहे. आणि हे मशीन आहे, कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही."

"अन् यात आपल्या मनचं काही सांगता येते का नाही?"

येतं, मी सांगितलं. एक चौकट असते, तिच्यात आपल्याला हवं ते लिहिता येतं. रोमन अक्षरं लागतात, आणि मोकळ्या जागा धरून तेरा. त्याहून एकही जास्त नाही. आयुष्यभर भोंग्यातून लांबलचक वाक्यं म्हटलेल्या माणसाला मी तेरा अक्षरं देत होते. त्यांनी एका बोटानं काहीतरी लिहिलं, बोटांवर मोजलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. माफीचं काहीतरी होतं, मी पूर्ण वाचलं नाही. मग बराच वेळ चौकट रिकामी राहिली. शेवटी त्यांनी लिहिलं: ५९ सत्तारभाई.

रोमन लिपीत मोजलं. दोन आकडे, एक मोकळी जागा, दहा अक्षरं. बरोबर तेरा. त्यांनी पाठवलं.

पडद्यावर इतर लोकांच्या ओळी येत राहिल्या. जपान आलं, ओमान आलं. मोर्शी येईना. खुशालराव उत्तरासाठी द्यायचा तेवढा वेळ देत होते, पाठ ताठ करून, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर द्यायचे तसाच. मी चहाचं निमित्त करून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या नावाची ओळ आली होती: ५९ खुशालराव. तेही मोजून तेरा.

खुशालरावांनी ती मोठ्यानं वाचली, बसस्टँडवरच्या आवाजात, सुट्या सुट्या शब्दांत. "खोटं बोलून राहिला," ते म्हणाले. "मशीन वजा सोळा म्हन्ते." चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला आणि पुसतच राहिले.

मी कप त्यांच्यापुढे ठेवला. बशी वाजली. त्यांनी माइककडे पाहिलं, मग तो उचलला. मला वाटलं, सवयीनं सीक्यू देतील. त्यांनी माइक तोंडाजवळ धरला आणि शांतपणे म्हणाले, "सत्तारभाई, मैना गेली. नोंद घ्यावी."

बोलताना दाबायचं माइकचं बटण त्यांनी दाबलं नव्हतं. सेटवरची सुई जागची हलली नाही.